फॉर्स्टरने ‘अ पॅसेज टू इंडिया’नंतर कादंबरी का लिहिली नाही?

प्रश्न असा आहे: इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर याची ‘अ पॅसेज टू इंडिया’ १९२४ मध्ये आली आणि तो वारला १९७० मध्ये. मधल्या ४६ वर्षांत त्याने एकही कादंबरी का दिली नाही? ‘तो समलैंगिक होता, मनातलं लिहायची सोय नव्हती’ हे जे उत्तर सगळीकडे मिळतं, ते पुरेसं आहे का?

ही कादंबरी मी एम.ए.च्या वर्गाला वर्षानुवर्षं शिकवत आलो आहे, आणि हा प्रश्न विचारणारं कोणीतरी दर वर्षी निघतंच. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नेहमीचं उत्तर खोटं नाही, पण ते अर्ध्यावर थांबतं. फॉर्स्टर १९२४ मध्ये थांबला असं आपण धरून चालतो, पण खरं तर तो १९१० मध्येच थांबला होता, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. म्हणून ‘पुढची का लिहिली नाही’ यापेक्षा ‘१९२४ ची तरी कशी लिहून झाली’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे. त्याचं उत्तर लंडन-केंब्रिजमध्ये थोडं आणि माळव्यातल्या एका मराठी संस्थानात बरंच सापडतं.

आधी माणूस कसा घडला ते पाहू. जन्म १ जानेवारी १८७९, लंडन. नाव ठेवायचं होतं हेन्री, आणि सरकारी नोंदही तशीच झाली होती. पण बाप्तिस्म्याच्या वेळी गोंधळ होऊन बापाचंच एडवर्ड हे नाव मुलाला चिकटलं. वडील वास्तुविशारद होते. मूल दोन वर्षांचं व्हायच्या आत ते क्षयाने गेले. मग आई लिली, आजी, आत्या-मावश्या अशा बायकांच्या गोतावळ्यात पोर वाढलं. आईचं घर त्याने ती असेपर्यंत सोडलं नाही. ती गेली १९४५ मध्ये, तेव्हा चिरंजीव ६६ वर्षांचे होते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी ध्यानात ठेवायची गोष्ट पैशाची. वडिलांची मावशी मेरियन थॉर्नटन १८८७ मध्ये वारली आणि आठ वर्षांच्या या नातवासाठी ८,००० पौंड ठेवून गेली. त्या काळात ही रक्कम जन्मभराची बेगमी होती. त्यावर केंब्रिजचं शिक्षण झालं, इटलीचा प्रवास झाला, आणि पोटासाठी लेखणी चालवायची वेळ कधी आली नाही. डिकन्सला हप्त्याची तारीख गाठावीच लागे. फॉर्स्टरला कोणतीच तारीख गाठायची नव्हती. सुचलं नाही तर तो लिहीत नसे आणि त्यामुळे घरात काही अडत नसे. लेखकांच्या मौनाची चर्चा करताना आपण मनाचे कप्पे उघडत बसतो, बँकेचं पुस्तक मात्र पाहत नाही.

लहानपणी दहा वर्षं तो आईबरोबर हर्टफर्डशरमधल्या स्टीव्हनेजजवळच्या रूक्सनेस्ट नावाच्या घरात राहिला. १८९३ मध्ये तो भाडेपट्टा संपला आणि घर सुटलं. टनब्रिजच्या शाळेत त्याचे हाल झाले. इंग्रजी पब्लिक स्कूलबद्दलचा त्याचा राग आयुष्यभर टिकला. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये (१८९७ ते १९०१) मात्र तो खुलला. तिथले शिक्षक नथॅनिएल वेड यांनी ‘तू लिही’ असं सांगितलं, आणि गोल्ड्सवर्दी लोज डिकिन्सन हा पुढचा आयुष्यभराचा स्नेही तिथेच लाभला. मग आईला घेऊन इटली. इटलीतल्या त्या ‘पेन्शन’ म्हणवणाऱ्या, राहण्या-जेवणाची सोय असलेल्या हॉटेलांत इंग्रज बायाबापड्या इंग्रजच चहा पीत बसलेल्या, आणि खिडकीबाहेर वेगळंच काहीतरी चाललेलं. त्याला पहिला विषय मिळाला तो असा.

१९०५ मध्ये ‘व्हेअर एंजल्स फीअर टू ट्रेड’, १९०७ मध्ये ‘द लाँगेस्ट जर्नी’, १९०८ मध्ये ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ आणि १९१० मध्ये ‘हॉवर्ड्स एन्ड’. पाच-सहा वर्षांत चार कादंबऱ्या! ‘लाँगेस्ट जर्नी’ ही त्याची स्वतःची लाडकी, पण तिच्यात माणसं फार पटापट मरतात आणि विद्यार्थ्यांना ती पचत नाही. मलाही पुरती पचलेली नाही. ‘हॉवर्ड्स एन्ड’ची गोष्ट वेगळी. सुटलेलं रूक्सनेस्ट तिच्यात परत आलं, आणि इंग्लंड कोणाच्या हाती जाणार, हा मोठा प्रश्न त्या एका घराच्या वारशावर तोलला गेला. पुस्तक गाजलं. फॉर्स्टर एकदम पहिल्या रांगेत जाऊन बसला आणि तिथेच त्याची गाडी रुतली.

१६ जून १९११ च्या रोजनिशीत त्याने कारण लिहून ठेवलं आहे. मला हाताळता येतो आणि हाताळायची परवानगीही आहे असा एकच विषय आहे, स्त्री-पुरुषांचं प्रेम, आणि त्याचा मला कंटाळा आला आहे, असा त्या नोंदीचा आशय. याच सुमारास ‘आर्क्टिक समर’ नावाची कादंबरी सुरू केली ती अर्धवट राहिली. १९१३ मध्ये तो एडवर्ड कार्पेंटरला भेटायला गेला. कार्पेंटर हा समाजवादी विचारवंत आपल्या पुरुष जोडीदाराबरोबर मिलथॉर्पला उघडपणे राहत होता. त्या भेटीतून ‘मॉरिस’ ही कादंबरी सुचली आणि १९१४ मध्ये लिहूनही झाली. दोन पुरुषांचं प्रेम आणि शेवट सुखाचा. अडचण त्या सुखाच्या शेवटाचीच होती, असं त्यानेच पुढे लिहिलं. पोरगा फासावर लटकला असता तर पुस्तक खपून गेलं असतं. इंग्लंडात पुरुषांमधले असे संबंध १८८५ च्या कायद्याने गुन्हा होते. ऑस्कर वाइल्डला १८९५ मध्ये शिक्षा झाली तेव्हा फॉर्स्टर १६ वर्षांचा होता. कायदा बदलला १९६७ मध्ये. ‘मॉरिस’ त्याच्या मृत्यूनंतर १९७१ मध्ये छापली गेली. तोवर हस्तलिखित मित्रांमध्ये फिरत राहिलं, आणि त्यावर ‘छापण्याजोगं आहे, पण छापावं का?’ अशा अर्थाचा त्याचा शेरा होता.

इथपर्यंत नेहमीचं उत्तर बरोबर जुळतं. पण हेच एकमेव कारण असतं तर ‘अ पॅसेज टू इंडिया’ लिहून व्हायलाच नको होती. कायदा १९२४ मध्येही तोच होता, आई तीच होती, धास्तीही तीच होती.

ही कादंबरी सुरू झाली एका माणसापासून. १९०६ मध्ये सय्यद रॉस मसूद नावाचा तरुण लॅटिन शिकायला फॉर्स्टरकडे आला. हा अलीगढच्या सर सय्यद अहमद खान यांचा नातू; उंचापुरा, बोलघेवडा, मैत्री करायची तर राजेशाही थाटात करणारा. फॉर्स्टर त्याच्या प्रेमात पडला. मसूदच्या मनात तसं काही नव्हतं, पण त्याने मैत्री शेवटपर्यंत निभावली. कादंबरी त्यालाच अर्पण आहे. हिंदुस्थानात येण्याचं पहिलं कारण मसूद. साम्राज्य वगैरे गोष्टी नंतरच्या.

ऑक्टोबर १९१२ मध्ये फॉर्स्टर मुंबईला उतरला आणि १९१३ च्या एप्रिलपर्यंत फिरला. अलीगढ, लाहोर, पेशावर, छत्रपूर, पाटण्याजवळचं बांकीपूर, गयेजवळची बराबर लेणी. बांकीपूरचं पुढे चंद्रपोर झालं आणि बराबरचं मराबार. शेवटच्या टप्प्यात तो निजामाच्या हद्दीतल्या तेव्हाच्या औरंगाबादेत मसूदच्या एका मुन्सफ मित्राकडे राहिला, वेरूळ पाहिलं. कादंबरीतल्या फील्डिंग या इंग्रज प्राचार्याच्या घराचा तो तीन लाकडी कमानींचा, बागेत उघडणारा दिवाणखाना औरंगाबादचा. लेण्यात अडेला या इंग्रज तरुणीवर हात टाकल्याचा आळ ज्याच्यावर येतो, तो डॉक्टर अझीझ शेवटच्या प्रकरणात घोड्यावरून ओरडतो, ‘पन्नास लागोत की पाचशे वर्षं, तुम्हाला घालवणारच’, तेही त्याने या मित्राच्या तोंडून ऐकलेलं. म्हणजे कादंबरीचा शेवटचा सूर १९१३ मध्येच त्याच्या कानात पडलेला होता. मायदेशी परतून त्याने सुरुवातीची काही प्रकरणं लिहिली. मग लेण्यांच्या तोंडाशी येऊन लेखणी थांबली. आत काहीतरी महत्त्वाचं घडणार हे ठाऊक होतं, पण काय घडणार ते ठाऊक नव्हतं.

मध्ये पहिलं महायुद्ध आलं. १९१५ च्या अखेरीपासून १९१९ च्या सुरुवातीपर्यंत तो इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला रेडक्रॉसचं काम करत होता. इस्पितळांतल्या जखमी सैनिकांना विचारून बेपत्ता जवानांची माहिती गोळा करायची. तिथे ग्रीक कवी कवाफी भेटला आणि त्याची कविता इंग्रजी वाचकांपुढे नेण्यात फॉर्स्टरचा मोठा वाटा आहे. तिथेच मोहम्मद अल अदल हा ट्रामचा कंडक्टर भेटला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला प्रेमाचं प्रेमाने उत्तर मिळालं. अलेक्झांड्रियावर त्याने लिहिलेल्या मार्गदर्शिकेची एक गंमत सांगतो. गोदामाला आग लागून प्रती जळाल्या असं प्रकाशकाने कळवलं आणि विम्याची भरपाईही पाठवली. नंतर प्रती तळघरात शाबूत सापडल्या. विम्याचे पैसे तर घेतलेले, मग हिशेब जुळावा म्हणून त्या मुद्दाम जाळून टाकल्या!

आता देवास.

माळव्यातलं देवास हे पवारांचं मराठी संस्थान. अठराव्या शतकात तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांनी मिळून ते मिळवलं आणि पुढे वाटण्या होता होता एकाच गावात दोन राज्यं नांदू लागली, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोघांचे राजवाडे वेगळे, कारभार वेगळा आणि मानपानाचे तंटे कायमचे. थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव. त्यांना शिकवायला नेमलेला इंग्रज अधिकारी माल्कम डार्लिंग हा फॉर्स्टरचा केंब्रिजचा मित्र. त्याच्यामुळे १९१२ च्या नाताळात फॉर्स्टर पहिल्यांदा देवासला आला. महाराजांची आणि त्याची गट्टी जमली. तुकोजीराव कोल्हापूरच्या राजर्षी शाहूंचे जावई होते. राधाबाई उर्फ आक्कासाहेब या त्यांच्या राणी. हा संसार पुढे मोडला आणि राणीसाहेब माहेरी कोल्हापूरला परतल्या.

१९२१ मध्ये महाराजांचा इंग्रज सचिव रजेवर गेला आणि त्याच्या जागेवर महाराजांनी फॉर्स्टरला बोलावून घेतलं. तो सुमारे सहा महिने राहिला. खाजगी सचिव म्हणजे काय काम? बागा, टेनिसची मैदानं, मोटारी, पाहुण्यांचा बंगला, वीजघर असं सगळं त्याच्याकडे. यातलं एकही त्याला कळत नव्हतं. नवा राजवाडा बांधून पुरा होण्याआधीच मोडकळीला आलेला. कोरी करकरीत वाद्यं आणलेली, पण माळव्याच्या कोरड्या हवेने तडकून सगळी मुकी झालेली. खजिन्यात खडखडाट, पण समारंभ चालूच. फॉर्स्टर हे सगळं आईला आणि मित्रांना पत्रांतून कळवत राहिला. १९१२-१३ आणि १९२१ ची ती पत्रं एकत्र करून १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक आलं. नावातली टेकडी म्हणजे देवासच्या चामुंडा देवीची. पत्रांमध्ये महाराज कुठे ‘हिज हायनेस’ असतात तर कुठे सरळ ‘बापूसाहेब’. आपल्या आयुष्यातली ती मोठी संधी होती, असं त्याने प्रस्तावनेत लिहिलं आहे.

देवासला येताना त्याने कादंबरीची अर्धवट प्रकरणं बरोबर आणली होती. रात्री खोलीत ती उघडून बसायचा आणि त्याला शिसारी यायची. समोरच्या देशापुढे कागदावरचा देश मेल्यासारखा वाटायचा. लिहिणं शून्य. पण त्याला जे हवं होतं ते त्या दिवसांत, वही मिटलेली असताना, त्याच्यापर्यंत पोचलं.

त्यातलं एक खाजगी. आपल्या ओढीचा राजवाड्यात बोभाटा होतोय अशी धास्ती घेऊन त्याने महाराजांपुढे स्वतःच सगळं कबूल केलं. महाराजांनी नाक मुरडलं नाही की नीतीचं निरूपणही केलं नाही. हा आपल्या मित्राचा प्रपंचातला एक प्रश्न आहे अशा बेताने ते बोलले आणि एका न्हाव्याची सोयही करून दिली. पुढे त्या संबंधात मालक-चाकराचा उर्मटपणा शिरला आणि त्याला स्वतःचीच किळस आली, हेही त्याने लिहून ठेवलं. हा भाग ‘हिल ऑफ देवी’त नाही, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. साम्राज्यावरची कादंबरी लिहिणाऱ्या माणसाने सत्ता अंगात कशी भिनते हे स्वतःच्या अंगावर तपासून पाहिलं होतं, एवढं त्यातून घ्यावं.

आणि दुसरी गोष्ट गोकुळाष्टमीची. १९२१ च्या ऑगस्टमध्ये महाराज उत्सवासाठी गावातल्या जुन्या वाड्यात मुक्कामाला गेले, फॉर्स्टरही गेला. आठ दिवस एकीकडे कीर्तन, एकीकडे बँड, मध्येच हत्ती, फुलांच्या ढिगात मूर्ती दिसेना, अनवाणी पायांना चिकटणारा चिखल आणि लोणी. नीटनेटकेपणाची सवय असलेल्या या केंब्रिजच्या माणसाला पहिले दिवस नुसता वैताग आला. ना शिस्त, ना सौंदर्यदृष्टी, असं तो पत्रात कुरकुरतो. आणि त्याच पत्रांत, टाळ घेऊन देवापुढे नाचणाऱ्या महाराजांचा चेहरा पाहून तो गप्प होतो. चेष्टा करावी असं बरंच आहे, पण या लोकांच्या आत खोलवर काहीतरी हलतंय हे चेहऱ्यांवर दिसतं, अशा अर्थाचं तो लिहितो. त्याला स्वतःला श्रद्धा नव्हती, नंतरही आली नाही.

कादंबरीचा तिसरा भाग, ‘टेम्पल’, या आठ दिवसांतून निघाला. तिथे संस्थानाचं नाव ‘मऊ’ असं आहे, पण वाडा देवासचा. गाणारे गातात, ‘तुकाराम, तुकाराम, तूच माझा बाप, माझी आई, माझं सर्व कोणी’. समोर मूर्ती कृष्णाची आणि मंडळी आळवतात एका संताला, याची फॉर्स्टर मिस्कीलपणे नोंद घेतो. आपल्याला यात काहीच विचित्र वाटत नाही. ज्ञानोबा-तुकाराम म्हटलं की विठ्ठल त्यात आलाच, हे आपण जन्मापासून ऐकत आलो. विसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबरीच्या ऐन कळसाच्या क्षणी देहूच्या वाण्याचं नाव घुमतं, आणि आपल्याकडे या गोष्टीचा फारसा गवगवा नाही, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

त्या कीर्तनात टाळ धरून उभे आहेत प्रोफेसर नारायण गोडबोले. दख्खनी ब्राह्मण असा त्यांचा उल्लेख येतो. अझीझ त्यांच्याबद्दल फील्डिंगला सांगतो की इंग्रजांनी हिंदुस्थान मोगलांकडून घेतला नाही, आमच्याकडून घेतला, असं हे दख्खनी ब्राह्मण म्हणतात. पेशवाईची ही खास पुणेरी खंत फॉर्स्टरला ठाऊक होती! इंग्रजीत लिहिणाऱ्या निरद चौधरींनी १९५४ मध्ये या कादंबरीवर झोड उठवली, तीत गोडबोले म्हणजे विदूषक झाला आहे, असा आक्षेप होता. पहिल्या दोन भागांपुरता मी तो मान्य करतो. लेण्यांच्या सहलीला ज्यांची पूजा लांबल्यामुळे गाडी चुकते आणि अझीझ दोषी की निर्दोष या प्रश्नावर जे बऱ्या-वाईटाचं गुळमुळीत तत्त्वज्ञान सांगतात, ते गोडबोले वाचताना मराठी वाचक ओशाळतो. तिसऱ्या भागात मात्र नाचता नाचता त्यांना कधीतरी भेटलेली एक म्हातारी आठवते, मग दगडावरची गांधीलमाशी आठवते, आणि दगडालाही त्या प्रेमात ओढून घ्यायला जातात तेव्हा ते थबकतात, जमत नाही. अद्वैताची धाव आणि तिची मर्यादा इतक्या कमी ओळींत मांडलेली मी दुसऱ्या इंग्रजी कादंबरीत पाहिलेली नाही. विदूषकाला हे झेपणार नाही.

हिंदुस्थानातून परत जाताना फॉर्स्टरने इजिप्तमध्ये मोहम्मदला पाहिलं. तो क्षयाने खंगलेला होता आणि १९२२ च्या मे महिन्यात वारला. त्याच वसंतात फॉर्स्टरने स्वतःच्या, कोणाला दाखवता न येणाऱ्या कामुक कथांचा गठ्ठा जाळला. नीती आठवली म्हणून नव्हे. त्या कथा कादंबरीची वाट अडवून बसल्यात असं त्याला वाटलं म्हणून. लेखक-प्रकाशक मित्र लेनर्ड वूल्फने नेट लावला, अर्धवट प्रकरणं पुन्हा उघडायला लावली. अंतर पडल्यावर आठवणीतला देश आणि अनुभवलेला देश हळूहळू एकमेकांजवळ आले, आणि जानेवारी १९२४ मध्ये कादंबरी संपली. ४ जून १९२४ ला एडवर्ड अर्नल्डने ती प्रसिद्ध केली. लेण्यात अडेलाला नक्की काय झालं हे शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. १९१३ मध्ये जो प्रश्न सुटला नव्हता, तो त्याने उत्तराशिवायच ठेवला आणि कादंबरीचा कणा केला.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. १९५३ च्या एका मुलाखतीत फॉर्स्टर म्हणाला की कादंबरीकाराला पुढे एखादा डोंगर दिसायला हवा. गोष्ट त्याला वळसा घालून जाईल, वरून जाईल किंवा आरपार जाईल, पण डोंगर हवा. ‘आर्क्टिक समर’ कोसळली ती पुढे डोंगर नव्हता म्हणून. मला हे त्याने दिलेलं सर्वांत प्रामाणिक स्पष्टीकरण वाटतं. इटली, रूक्सनेस्ट आणि हिंदुस्थान असे तीन डोंगर त्याला लाभले, आणि तिन्ही बाहेरून येऊन त्याच्या पुढ्यात उभे राहिले. घरबसल्या विषय रचणाऱ्या जातीचा तो लेखक नव्हता. देवासनंतर तसं काही त्याच्यापुढे उभं राहिलं नाही. १९३० मध्ये बॉब बकिंगहॅम हा पोलीस शिपाई भेटला आणि ते नातं, बॉबचं लग्न झाल्यावरही, मरेपर्यंत टिकलं. म्हणजे आयुष्यातला सर्वांत मोठा आनंद मिळाला, पण त्यावर लिहिलेलं छापता येणार नव्हतं. इथे नेहमीचं उत्तर पुन्हा खरं ठरतं. १९६४ च्या अखेरीस त्यानेच लिहिलं की जास्त लिहिलं असतं, किंबहुना जास्त छापलं असतं, तर मी अधिक नावाजलेला लेखक झालो असतो, पण लैंगिकतेने छापू दिलं नाही. ‘लिहिलं’ म्हणता म्हणता ‘छापलं’ अशी जी दुरुस्ती त्याने केली, ती नीट पाहा. कथा तो लिहीतच होता; त्या ‘द लाइफ टु कम’ या संग्रहात १९७२ मध्ये आल्या. काही उत्तम आहेत, काही नुसत्या मनोराज्याच्या.

तिसरं कारणही त्याने सांगितलं आहे. ज्या जगाबद्दल मी लिहीत होतो, घरं, कुटुंबं, जरा निवांतपणा, ते जग पहिल्या महायुद्धाने संपवलं. नव्या जगाचा विचार मी करू शकतो, पण त्याची कादंबरी करू शकत नाही. याला काही जण पळवाट म्हणतात. मी म्हणत नाही. ‘हॉवर्ड्स एन्ड’ लिहिणाऱ्याला १९३५ च्या लंडनमध्ये कोणतं घर कोणाच्या वारशाला ठेवायचं हे सुचलं नसेल तर त्यात लबाडी नाही. त्यात पुन्हा आई. बाहेरच्या जगात नामवंत असलेला हा माणूस घरी तिच्या वेळेवर जेवणारा मुलगा होता, आणि त्याची पुस्तकं ती वाचत असे.

आणि ‘गप्प’ हा शब्द तर सोडूनच द्या. १९२७ मध्ये केंब्रिजला व्याख्यानं दिली, त्यांची ‘आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’ झाली. ‘राजा मेला आणि मग राणी मेली’ ही गोष्ट, ‘राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली’ हे कथानक; सपाट पात्रं, गोलाईची पात्रं. आपल्या विद्यापीठांतली मुलं पिढ्यान्‌पिढ्या परीक्षेत हेच लिहीत आली आहेत, बहुतेकदा मूळ पुस्तक न उघडता. नागरी स्वातंत्र्यासाठी १९३४ मध्ये निघालेल्या राष्ट्रीय मंडळाचा तो पहिला अध्यक्ष. मुल्कराज आनंदांच्या ‘अनटचेबल’ला प्रस्तावना त्याची. दुसऱ्या महायुद्धात बीबीसीवरून हिंदुस्थानासाठी पुस्तकांवरची भाषणं त्याची. १९४५ मध्ये जयपूरच्या लेखक संमेलनाला तो आला, ती तिसरी आणि शेवटची खेप. संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या ‘बिली बड’ या ऑपेराची संहिता एरिक क्रोझियरबरोबर त्याने लिहिली. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीवरच्या १९६० च्या अश्लीलतेच्या खटल्यात साक्षीला उभा राहिला तेव्हा वय ८१. सर ही पदवी नाकारली. ऑर्डर ऑफ मेरिट मात्र ९० व्या वाढदिवशी घेतली. १९४६ पासून किंग्ज कॉलेजने त्याला राहायला जागा दिली होती. ७ जून १९७० रोजी कॉव्हेंट्रीला, बकिंगहॅम दांपत्याच्या घरी, तो गेला.

देवासचं पुढे काय झालं असं विचाराल, तर ते फॉर्स्टरने ‘हिल ऑफ देवी’च्या अखेरच्या भागात स्वतःच सांगितलं आहे. युवराज विक्रमसिंहराव १९२७ च्या अखेरीस बापाला भिऊन देवासहून निघून गेले. कर्जं वाढत गेली, ब्रिटिश सरकारने चौकशीचा फास आवळला, आणि १९३३ मध्ये महाराज फ्रेंचांच्या पाँडिचेरीला जाऊन राहिले ते परतलेच नाहीत. १९३७ मध्ये ते तिथेच वारले. मसूदही त्याच वर्षी गेला. विक्रमसिंहराव १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, तेच छत्रपती शहाजी महाराज. फॉर्स्टरचं लेखन इथे थोडं वकिली वळणाचं होतं. राज्य बुडवणाऱ्या मित्राची बाजू तो शेवटपर्यंत लढवतो, रयतेच्या पैशाचा हिशेब मात्र विचारत नाही. ‘देशाशी की मित्राशी, अशी बेइमानीची निवड करायचीच झाली, तर देशाशी करायची छाती मला होवो’ अशा अर्थाचं त्याचं १९३८ चं प्रसिद्ध वाक्य आहे. ते त्याने देवासच्या बाबतीत पुरेपूर पाळलं.

वाचायचं कुठून, असंही कोणी विचारेल. मराठी वाचकाने ‘द हिल ऑफ देवी’पासून सुरुवात करावी असं मी सांगेन. पुस्तक छोटं आहे, इंग्रजी सोपं आहे आणि माणसं आपली आहेत. मग लगेच ‘अ पॅसेज टू इंडिया’. पहिल्या वाचनात अझीझवरच्या खटल्यानंतर ती मिटू नका, बरेच जण तिथे थांबतात. त्यानंतर ‘हॉवर्ड्स एन्ड’. इटलीच्या दोन कादंबऱ्यांपैकी एक पुरे, आणि मला विचाराल तर ‘व्हेअर एंजल्स’. ‘मॉरिस’ सगळ्यात शेवटी घ्या, आणि अशी आवृत्ती पाहा जिच्यात त्याने १९६० मध्ये लिहिलेलं ‘टर्मिनल नोट’ हे टिपण आहे. न छापण्याची सगळी कारणमीमांसा त्याने त्यात आपल्या हाताने करून ठेवली आहे.